बांधलेलं पोड

वैशाख सरत आला की यवतमाळच्या आमच्या घरासमोरून तेंदूपत्त्याची पोती लादलेले ट्रक जायला लागतात. ट्रक दिसायच्या आधी वास येतो. कोरडा, कडसर, उन्हात भाजलेल्या पानांचा. शेजारपाजाऱ्यांना तो कळतही नसेल. मी मात्र हातातलं काम ठेवते, अंगणात येते आणि आभाळाकडे बघते. गिधाडं आहेत का, ते. आता या भागात गिधाडं उरली नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मान वर जातेच.

एकोणीसशे साठ उलटून दोनेक वर्षं झाली असतील. मी नागपूरला समाजशास्त्र शिकत होते. आमच्या सरांनी मला उन्हाळ्यात कोलामांच्या एका पोडावर पाठवलं. पोड म्हणजे कोलामांची वस्ती; गावापासून दूर, जंगलाच्या पोटात वसलेली. सर म्हणाले होते, "माणसं 'मी' केव्हा म्हणतात ते सगळ्यांना कळतं. 'आम्ही' केव्हा म्हणतात, ते बघून ये." मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्या वयात वाक्यं आवडतात. आई मात्र घाबरली होती. कोलाम करणी करतात, त्यांच्या नजरेसमोर पाणीसुद्धा पिऊ नये, असं तिच्या माहेरी सांगत. वडिलांनी तिची समजूत काढली आणि मला पांढरकवड्याच्या मोटारीत बसवून दिलं.

झरीच्या पलीकडे, डोंगराच्या खांद्यावर ते पोड होतं. समोरासमोर दोन ओळींत कुडाची घरं, मध्ये मोकळी जागा आणि त्या जागेत चार खांबांवर उभारलेली चावडी; पंच तिथंच बसत आणि सणाला ढोल तिथंच वाजत. खाली नाला, उन्हाळ्यात त्याच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरायचं. पोडाचा नाईक झोलबा उंच, वाकलेला आणि फार थोडं बोलणारा माणूस होता. त्याची बायको लेतूबाई. तिचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता, पावसाचे टपोरे थेंब पडून गेलेल्या धुळीसारखा. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. तिच्या घरातली चारही भावंडं त्यात गेली होती, ती एकटी उरली होती. तिनं मला आपल्या घराच्या पडवीत जागा दिली. मी तिला लेतूमाय म्हणू लागले. ती मला बाईच म्हणायची.

पहाटे बाया पानं तोडायला निघत. मीही जाई. तेंदूची झुडपं कमरेएवढी, पानं कोवळी असतानाच खुडायची, नाहीतर विडीला चालत नाहीत. ऊन तापायच्या आत ओटीत पानं कोंबून परत यायचं आणि सावलीत बसून पुडे बांधायचे. बोटं काळी पडत, आणि ती काळी बोटं भाकरीला लागून भाकर कडू होई. पुरुष बांबू चिरत बसत. बांबू चिरताना होणारा तो लांब, सुका आवाज दिवसभर पोडावर असे. बोलणं माझ्यासमोर वऱ्हाडीत, आपसात बहुतेक कोलामीत. मला त्यातला एक शब्द पहिल्याच दिवशी आला, ईर. म्हणजे पाणी. त्या उन्हाळ्यात तोच शब्द सगळ्यांत जास्त लागायचा.

मी ज्याला त्याला विचारत असे, "तुम्ही कोण?" कोणी म्हणे कोलवर, म्हणजे कोलामच. कोणी आपल्या देवांची नावं सांगे. एक म्हातारा नुसता हसला. लेतूमायला विचारलं तेव्हा ती पुडा बांधत होती. म्हणाली, "आमी कोन ते आमाले कायले पुसतं? पोडाले पूस." पोडाला कसं विचारायचं, ते मला कळेना.

पहिल्यांदा कुत्री आली. एका सकाळी नाल्याकाठी तीन अनोळखी कुत्री बसलेली दिसली. भुंकत नव्हती. पोडाची कुत्रीही त्यांच्यावर धावून गेली नाहीत. मग दुपारी एक गाय आली, गळ्यात लाकडी घंटा वाजवत, मागे गुराखी नाही. ती चावडीपाशी येऊन उभी राहिली आणि ओरडू लागली. तिची कास तट्ट फुगलेली होती. सकाळपासून तिला कोणी पिळलेलं नव्हतं. बांबू चिरणं थांबलं. लेतूमायनं गाईच्या गळ्यातली घंटा हातात घेऊन नीट पाहिली आणि सोडून दिली.

"कोणाची गं, माय?"

"भीमीच्या पोडची," ती म्हणाली. भीमी तिची मुलगी. दोन डोंगर पलीकडच्या पोडात दिलेली, आणि तिला दीडेक वर्षाची एक मुलगी. "थ्या पोडात असी घंटा करतेत."

नंतर मी वर पाहिलं. दोन डोंगरांच्या पलीकडे, भर उन्हात, गिधाडं फेऱ्या मारत होती. खाली उतरत होती आणि वर येत होती. आवाज काहीच नव्हता. ऊन इतकं लख्ख होतं की त्यात वाईट काही घडू शकेल असं वाटत नव्हतं, आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बाजाराला गेलेला माणूस बातमी घेऊन आला. खालच्या गावांतून देवी आल्या होत्या. घरंच्या घरं आजारानं आडवी पडली होती. तो हे बोलला ते पोडापासून लांब उभं राहून. तिथूनच तो फळीकडे, म्हणजे पानं विकायच्या तळाकडे, वळला. आता तो तिकडेच राहणार होता.

पोडाचा देवारी, म्हणजे पूजा करणारा, भिवा नावाचा एक सुकलेला म्हातारा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पोड बांधायला घेतलं. गावबांधणी कोलामांनीच करावी असं आसपासची सगळी गावं मानत. कुणब्यांची आणि गोंडांची गावंसुद्धा भिवाला बोलावून शीव बांधून घेत. या वेळी तो आपलंच पोड बांधत होता. पळसाच्या वाखाची दोरी सगळ्या पोडाभोवती झाडाझाडांना गुंडाळत नेली. दोरीत ठिकठिकाणी कडुनिंबाच्या डहाळ्या आणि बिब्बे. बांधून झाल्यावर कोणी बाहेर जायचं नाही, कोणी आत यायचं नाही. पाण्यासाठी नाल्याचा एक तुकडा दोरीच्या आत घेतला होता.

शेवटची गाठ मारायच्या आधी झोलबा माझ्याकडे आला.

"बाई, जायचं असन त आत्ताच जाय. गाठ पडली का मंग नाय."

"मी राहते, नाईकबाबा."

त्यानं मान हलवली. भिवानं गाठ मारली. माझ्या दंडावर लहानपणी टोचल्याची खूण होती, म्हणून मला माझ्यापुरती भीती नव्हती. पण गाठ पडली आणि सगळं पोड एकदम गप्प झालं. लेकरंसुद्धा. ती शांतता मी आजवर दुसरीकडे कुठे ऐकली नाही. सगळीजणं एकाच दिशेला कान देऊन बसल्यासारखी.

त्याच दुपारी मी टोचणीबद्दल बोलले. झोलबानं ऐकून घेतलं. भिवा रागावला. मागे एकदा टोचणीवाले आले तेव्हा सगळं पोड जंगलात पळून गेलं होतं. "देवीमायच्या आंगावर सुई चालवतेत ते," भिवा म्हणाला, "मंग माय कोपन नाय त काय करन?" विषय तिथंच थांबला.

भीमी आली ती भर दुपारी. दोरीपासून हाकेच्या अंतरावर एक जुनं मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली ती दिसली. काखेला मुलगी, डोक्यावर काही नाही, पायांत काही नाही. तिनं दोरी पाहिली आणि तिथंच थांबली. कोलामांच्या मुलीला दोरीचा अर्थ सांगावा लागत नाही.

सगळं पोड दोरीपाशी आलं. अंतर ठेवून ती ओरडून बोलली. कोलामीत बोलली; काय ते लेतूमायनं मला मागाहून सांगितलं. ती म्हणत होती, नवरा गेला. सासू गेली. उरलेले लोक जिकडेतिकडे जंगलात निघून गेले. मला काही झालं नाही, पोरीचं आंग तापलं आहे. मी कुठं जाऊ?

मी लेतूमायच्या शेजारी उभी होते. मुलीचं डोकं भीमीच्या खांद्यावर कलंडलेलं होतं. तिनं ते उचललं नाही, रडली नाही. इतक्या माणसांसमोर लहान मूल रडत नाही, तेव्हा काय समजायचं ते तिथल्या सगळ्या बायांना कळत होतं.

चावडीवर पंच बसले. फार वेळ लागला नाही. भिवा म्हणाला ते साधं होतं. पोर इथली, पण दिली तिकडे. आता तिचे देव नवऱ्याचे देव. आणि तसं नसतं तरी शीव बांधलेली आहे. आत लेकरं आहेत. झोलबा नाईक होता आणि तोच बापही होता. त्यानं सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग म्हणाला, "शीव खुलनार नाय."

 मला वाटलं, आता लेतूमाय छाती पिटेल. ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मडकं, एक चटई, ज्वारीचं पीठ बांधलेलं फडकं आणि कोयता होता. ती दोरीकडे चालायला लागली.

"लेतू," झोलबानं हाक मारली. "बांधल्यावर गेला तो गेला. तुले मालूम हाय."

"मालूम हाय."

"मंग काहून जातं?"

तिनं स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. "मले मायनं आंधीच पाह्यलं हाय. दुसऱ्या कोनाले पाठवशीन? हे बाई जाऊ शकते अन् मी जाऊ शकतो. हिची खून दंडावर, माही तोंडावर." मग तिनं दोरी वर उचलली, खाली वाकली आणि पलीकडे गेली. मोहाखाली पोहोचेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. भीमी मागे सरत होती, हातानं नको नको म्हणत होती. लेतूमायनं तिच्या काखेतून मुलगी काढून घेतली.

झोलबा दोरीपाशीच बसून राहिला. ऊन त्याच्या पाठीवर होतं. बऱ्याच वेळानं त्यानं मला जवळ बोलावलं.

"बाई, तो टोचनीवाला किती लांब असते?"

"पांढरकवड्याला मिळेल."

"जाय तू. घेऊन ये."

"आणि भिवाबाबा?"

"भिवाले मी पाहीन. माही घरवालीच शीव लंघून गेली. आता मले कोन काय म्हनते?" त्यानं दोरीकडे हात केला. "तू जाऊ शकतं. तू पोडाची नाय."

त्यात अपमान नव्हता. तरी मी दोरीखालून वाकले तेव्हा ते शब्द पाठीत टोचत होते. इतके दिवस त्यांच्या पानांनी माझी बोटं काळी झाली होती.

सडकेपर्यंतची वाट मी कशी तुडवली, ते मला सांगता येणार नाही. वाटेतल्या एका वस्तीत चुलींचा धूर नव्हता आणि दारं उघडी होती. मी तिथं पाणी मागायला थांबले नाही. सडकेवर लाकडांचा ट्रक मिळाला. पांढरकवड्यात मला भेटले ते रामटेके नावाचे टोचणीवाले. पन्नाशीकडे झुकलेला, पांढरा सदरा घातलेला शांत माणूस. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आलेलं त्यांचं घर. मी पोडाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेटी बांधायला घेतली. मी म्हटलं, "पण ते तुम्हाला आत घेणार नाहीत. दोरीबाहेर उभं राहावं लागेल."

ते पेटीचा पट्टा ओढत म्हणाले, "बाई, शिवेबाहेर उभं राह्याची आमाले पिढ्यानपिढ्या सवय हाय. फरक एवढाच का या टायमाले मी आपल्या मनानं उभा राहीन."

तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हाही दुपारच होती. मोहाखाली लेतूमायनं फांद्यांची खोपी उभारली होती. दोरीपलीकडे, आतल्या बाजूला, पोड. रामटेक्यांनी आधी खोपीत डोकावून पाहिलं. बाहेर आले आणि फक्त मान हलवली. मुलीच्या अंगावर सुई टेकवायला जागा उरली नव्हती.

मग ते दोरीपाशी जाऊन उभे राहिले. आत भिवा उभा होता. "आत पाय टाकशीन त माह्या आंगावरून टाक," तो म्हणाला.

"नाय टाकत," रामटेके म्हणाले. त्यांनी पेटी जमिनीवर ठेवली आणि तिथंच मांडी घातली, दोरीच्या या बाजूला.

झोलबा पुढे आला. दोरीला पोट टेकवून उभा राहिला आणि त्यानं आपला हात दोरीवरून बाहेर काढला. नुसता हात. पाय आत, अंग आत, हात बाहेर. "शीव तुटली का, भिवा?" त्यानं विचारलं.

भिवा दोरीकडे बघत राहिला. गाठ पाहिली. डहाळ्या पाहिल्या. मग चावडीकडे निघून गेला.

रामटेक्यांनी झोलबाच्या दंडावर लशीचा थेंब ठेवला आणि दातेरी चकती फिरवली. झोलबा हलला नाही. मग एकेक हात बाहेर येऊ लागला. बांबू चिरून घट्टे पडलेले हात, तेंदूनं काळे झालेले हात, पितळी कड्यांचे, कोवळे, सुरकुतलेले. बायांनी तान्ही लेकरं दोन्ही हातांवर धरून दोरीवरून पुढे केली, जणू कुणाला तरी देऊन टाकत होत्या. आणि टोचून झालं की झटकन छातीशी ओढून घेतली. सगळा वेळ मागून खोपीतून मुलीचा बारीक आवाज येत होता. रडण्याचा नाही, श्वासाचा. प्रत्येकाच्या कानावर तो पडत होता, आणि कोणीही रांग सोडून गेलं नाही. सरांचं वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. फार पुढे, वर्गात शिकवताना आठवलं.

भिवानं टोचून घेतलं नाही. त्याला काही झालंही नाही. असंही होतं.

मुलगी त्याच दिवशी ऊन कलायच्या आत गेली. तिचं नाव सोमी होतं. लेतूमाय मोहापासून थोडं दूर कोयत्यानं माती उकरू लागली. जमीन दगडासारखी तापलेली. आतून सगळं पोड दोरीपाशी उभं राहून बघत होतं. मातीला हात लावायला कोणी येऊ शकत नव्हतं. झोलबानं एक कुदळ दोरीवरून बाहेर फेकली. ती रामटेक्यांनी उचलली. पांढरा सदरा काढून त्यांनी फांदीला अडकवला आणि खणायला लागले. मी हातांनी माती काढली. वर दगड रचले ते भीमीनं, एकेक निवडून. तिला तेव्हाच ताप होता. आम्हाला कळलं नव्हतं.

पुढचे दिवस मी मोहाखालीच काढले. भीमीचं अंग फुटलं. लेतूमाय तिला कडुनिंबाच्या डहाळीनं वारा घालायची आणि कोलामीत हलक्या आवाजात काही म्हणत राहायची. देवीची समजूत घालावी, तसं. दोरीपाशी एका सपाट दगडावर झोलबा भाकर आणि पाणी ठेवून मागे सरे, मग मी जाऊन आणी. तो विचारी, "हाय का?" मी म्हणे, "हाय." एवढंच आमचं बोलणं. गिधाडं अजून होती. कुठल्या डोंगरावर आहेत ते मी सकाळी उठल्यावर आधी बघे. जवळ येत गेली. मग एके दिवशी लांब गेली.

भीमी वाचली. एक डोळा गेला. चेहरा आईसारखा झाला.

पोडात कोणीही पडलं नाही. रोग डोंगर उतरून गेला अशी खात्री पटल्यावर भिवानं गाठ सोडली. माणसं बाहेर आली, पण मोहापर्यंत कोणी आलं नाही. मला वाटलं, आता झोलबा दोघींना घेऊन जाईल. चावडीवर पुन्हा पंच बसले. भिवाचा आवाज या वेळी मऊ होता, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटली. बांधलेल्या शिवेतून जो गेला त्याला परत आत घेतलं, तर ज्यापासून शीव राखली तेही मागोमाग येतं. हे त्याचं एकट्याचं मत नव्हतं, त्याच्या आज्याचंही होतं.

"मग मी कशी आले आत?" मी न राहवून विचारलं. मी त्यांच्यामध्येच बसले होते.

"तू पाव्हनी," भिवा म्हणाला. "पाव्हन्याले शीव नसते. शीव आपल्या मानसाले असते."

 झोलबा उठला आणि घराकडे गेला. आम्ही सगळे बघत होतो. त्यानं शिडी लावली, छपरावर चढला आणि वळचणीच्या टोकापासून गवत उपसायला लागला. पेंढीमागून पेंढी खाली पडत होती. मग त्यानं वासे सोडवले. खाली उतरून एक लांब बांबू खांद्यावर घेतला आणि मोहाच्या दिशेनं चालायला लागला.

भिवा ओरडला, "नाईक, पोड टाकून जातं?"

झोलबा वळला. "पोड टाकून नाय जात," तो म्हणाला. "लेतूले आत आनता येत नाय ना? नोको आनू. पोडच तिच्याकडं नेऊन राह्यलो. शीव मंग तठी बांधजो."

कोणी हललं नाही. तो चालत राहिला. त्याच्या पाठीमागे ऊन आणि धूळ. मग समोरच्या ओळीतल्या एका घराच्या छपरावर एक माणूस चढला. मग शेजारच्या छपरावर दुसरा. गवत उपसल्याचा खसखस आवाज सगळीकडून यायला लागला. भिवा चावडीपाशी बराच वेळ एकटा उभा होता. नंतर त्यानं चावडीच्या खांबाशी वाकून माती मोकळी करायला सुरुवात केली.

मोहाखाली झोलबानं बांबू टेकवला. भीमीनं तोंड पदरात झाकून घेतलं. नवरा-बायको एकमेकांसमोर उभी राहिली. मागून माणसं खांब घेऊन येत होती.

झोलबानं आजूबाजूला पाहिलं. "चावडी कुठं मांडू?"

पोडाची चावडी कुठे असावी, हे नाईकानं बायकोला विचारलेलं कोणी ऐकलं नव्हतं. लेतूमायनं एकदा दगडांच्या त्या लहानशा ढिगाकडे पाहिलं आणि झाडाच्या दुसऱ्या अंगाला, दूरवर हात केला.

"तिकडं मांड," ती म्हणाली. "इकडं लेकरू निजलं हाय. ढोल वाजला त जागी होईन."